भोंग्याची देवी

छत्रीबागेच्या त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. बंद पडलेल्या गिरणीचे बेकार कामगार अच्युतच्या ओट्यापुढे हात जोडून उभे होते. ओट्यावर अच्युत लटलट कापत होता, तोंडातून लाळ गळत होती. शेजारी मालोजी महाराज मोरपीस हलवत बसले होते.

"भो... भो..." अच्युत पुटपुटला.

"भोंगा!" महाराज गरजले. "देवी बोलली! गिरणीचा भोंगा वाजणार!"

"जय हो! भिया, मिल खुलणार!" नारळांचा ढीग पडला. आशेला अक्कल नसते, बेकाराच्या आशेला तर मुळीच नसते.

अच्युतची बायको कमल आरती ओवाळत होती, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. गिरणी बंद झाली तेव्हा अच्युतचं डोकं फिरलं होतं. झोप उडाली आणि अख्खी गिरणी विकत घ्यायला निघाला. डॉक्टर निवेदितांच्या लिथियमच्या गोळीने तो माणसांत आला. तरी दुखणं मुळासकट जावं म्हणून शेजारणींनी महाराजांना आणलं. त्यांनी फर्मावलं, "डॉक्टरची गोळी म्हणजे देवीचा अपमान! गोळी बंद, नमक बंद, दोन्ही वेळा भस्म!" कमलने देवही राखला आणि डॉक्टरही. अळणी खिचडीत ती गोळी चोरून कुस्करत राहिली. थरथर सुरू झाली तेव्हा महाराज म्हणाले, "देवी उतरतेय," आणि भस्म दुप्पट केलं.

त्या दिवशी अच्युत ओट्यावरच कोसळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कमल त्याला रिक्षात घालू लागली तर एकाने हँडल धरलं. "भाभीजी, देवीला कुठे नेता? तारीख तर सांगू द्या!"

दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त तपासलं, कमलने पुढे केलेली भस्माची पुडीही तपासून घेतली.

"कमलजी, राखेत हॅलोपेरिडॉल कुटून घातलंय. वेड शांत करायची गोळी आहे ही. माणूस गप्प झाला की चमत्कार महाराजांचा!"

"पण डॉक्टर लोकपण देतात ना या दोन्ही गोळ्या?"

"देतो, पण मोजून आणि रक्त तपासून. इथे मीठ तोडलं म्हणून लिथियम अंगात साठत गेलं. वर ही राख, मनाला येईल तेवढी. दोन्हींनी मिळून मेंदू पोळला."

"मग हे भोंगा म्हणत होते, ते?"

खाटेवरून अच्युतने मान वळवली. सगळा जीव जिभेवर आणून तो म्हणाला, "भो... वळ."

कमलने तोंडात पदर कोंबला. भोवळ येते म्हणून तो रोज सांगत होता, आणि ती रोज त्याला ओवाळत होती.

अच्युत वाचला. हात आणि जीभ मात्र पहिल्यासारखी झाली नाहीत. महाराजांना पोलिसांनी नेलं. गिरणीचे साचे-माग भंगारात गेले, तरी गल्ली अजून म्हणते, "बाईने देवी बाटवली, नाहीतर भोंगा वाजला असता."

देवी मानायची तर खुशाल माना. पण कापणाऱ्या माणसाला भविष्य विचारण्याआधी एवढं विचारा, बाबा रे, तुला काय खायला घातलंय? आणि त्याचा शब्द त्यालाच पुरा करू द्या.