भोपळ्याला पहिली सुरी

पुष्पलताबाईंच्या घरी भोपळ्याला पहिली सुरी पुरुषानं लावायची, असा रिवाज होता. भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, आणि आई कधी मुलावर सुरी चालवते का? एकदा पुरुषानं दोन फाका केल्या, की मग सोलायला, किसायला आणि घारगे तळायला बायका मोकळ्या. तिथे मात्र कुणाचा थोरला आडवा येत नसे.

चिंचणीतल्या त्या वाडीत चाळीस वर्षं ही सुरी त्यांच्या नवऱ्यानं, आत्मारामनं धरली. मागच्या जूनमध्ये त्यानं विहिरीजवळ वेल लावला आणि श्रावणात तो गेला. वेलाकडे मग कुणाचं लक्ष राहिलं नाही. एकच फळ हाती लागलं. बाजारातल्या पाणचट भोपळ्यांतला तो नव्हता. राखाडी साल, खोल खाचा, आत घट्ट केशरी गर. बी सासूच्या माहेरचं, माहीमहून आलेलं. गावात आता सगळे पाकिटातलं बी लावतात. म्हणजे या एका भोपळ्याच्या पोटात जे होतं, तेवढंच काय ते शिल्लक.

बाईंनी तो माळ्यावर गवतावर ठेवला. असा भोपळा सहा महिने सहज टिकतो. मुलगा शैलेश बंगळूरला नोकरीला. तो संक्रांतीला येणार होता, मग होळीला, मग मे महिन्यात.

"आई, तूच काप ना. कोण मानतं आता हे?" तो फोनवर म्हणायचा.

"तुज्या बापाच्या वेलाचा हाय. तूच कापायचा," बाईंचं ठरलेलं उत्तर.

खरं सांगायचं तर रिवाजाचं एवढं काही नव्हतं. एकदा आत्माराम तापानं पडलेला असताना बाईंनी गुपचूप भोपळा कापला होता, आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं. पण भोपळा अख्खा आहे तोवर शैलेशला घरी यायला एक काम आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. नुसतं 'मला भेटायला ये' म्हणायला त्यांची जीभ रेटत नव्हती.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात देठाजवळ बोट रुतलं. बाईंनी ओळखलं, भोपळा सडायला लागला. त्यांनी लगेच फोन केला. "रविवारी नक्की येतो," शैलेश म्हणाला. रविवारी त्याच्या ऑफिसचं काहीतरी निघालं.

सोमवारी मागच्या खोलीतला भाडेकरू चंद्रभान बोईसरहून पहिली पाळी संपवून आला. नगरकडचा, कारखान्यात कामाला, सरळ माणूस. बाईंनी त्याला भोपळा दाखवला.

"त्यात काय, काकू! आणा सुरी," म्हणत तो मांडी घालून बसला. सुरी सालीला टेकली आणि बाईंनी त्याचं मनगटच धरलं.

"नको रे. राहू दे."

"का हो? मी चालत नाही का?"

"तसं नाय, बाबा." बाईंनी सुरी काढून घेतली आणि चहा टाकला. तो बिचारा चहा पिऊन गेला. बाईंना स्वतःचाच राग आला.

मंगळवारी सकाळी भोपळ्याखालचं गवत ओलं झालं होतं. तेव्हा त्यांनी कोयता घेतला आणि एका दमात घाव घातला. अर्धा गर सडला होता. बिया आतल्या आत रुजल्या होत्या. पांढरे लांब मोड एकमेकांत गुंतून पडले होते. वाट बघण्याच्या नादात हे आपणच केलं, हे बाईंना स्वच्छ दिसलं, आणि त्या तिथेच बसून रडल्या. मग डोळे पुसून चाचपू लागल्या. सात बिया धड निघाल्या. त्या राखेत घोळून सुपात पसरल्या. चांगल्या गराचे घारगे केले, ताटलीभर चंद्रभानला दिले.

दुपारी त्यांनी शैलेशला फोन लावला. "भोपळा कापला मी."

"तू कापलास? बरं झालं, आई!" त्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. "रोज जिवाला घोर होता गं त्याचा. आत्ता शनिवारचं तिकीटच बघत होतो. आता घाई नाही ना? मग गणपतीतच येतो, सवडीनं."

"हां. सवडीनं ये."

"बी मिळालं?"

"मिळालं. मस हाय, वाडीभर पुरेल."

फोन ठेवून बाई चुलीपाशी नुसत्याच उभ्या राहिल्या. आता त्याला बोलवायला घरात त्यांच्याशिवाय काहीच उरलं नव्हतं.