सात गुंजा कमी

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि एक बंद कपाट डोळ्यांसमोर आणा. आत अंधार आहे, कुबट वास आहे आणि खुंटीला एक छोटासा तराजू टांगलेला आहे. उजवं पारडं रिकामं आहे. डावं मात्र किंचित खाली झुकलेलं आहे. ते का झुकलं, एवढंच मला तुम्हांला सांगायचं आहे.

मी एक जुना सोनाराचा काटा आहे. ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या सराफ्यात, रघुनाथरावांच्या पेढीवर माझं तारुण्य गेलं. पितळेची दांडी, रेशमी दोऱ्या, आणि वजनाला गुंजा. गुंज म्हणजे रानातल्या वेलीची लाल बी, डोक्यावर काळा ठिपका असलेली. एक गुंज ठेवली तरी मी झुकायचो. लोक म्हणत, "रघुनाथरावांचा काटा म्हणजे देवाची साक्ष!" मला त्याचा अभिमान वाटे.

मग संस्थान विलीन झालं. पूर्वी लोक दागिने घडवायला येत, आता मोडायला येऊ लागले. माझ्या पारड्यात पाटल्या पडत आणि समोरची बाई मान वळवून रस्त्याकडे बघत राही. शेवटी रघुनाथरावांनी पेढी मिटली आणि मला मागच्या गल्लीतल्या मराठी शाळेत, इंदुताईंच्या हाती दिलं.

इंदुताई तिसरीला गणित शिकवत. मुलं त्यांना बाई म्हणत. त्यांनी मला खिडकीपाशी टांगलं आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "गुंज तोंडात घालायची नाही, विष असतं तिच्यात. आणि उत्तर मला विचारायचं नाही, काट्याला विचारायचं."

रोज सकाळी उजव्या पारड्यात वर्गाच्या पटाइतक्या गुंजा असत. प्रत्येक मूल येताना डाव्या पारड्यात आपली एक गुंज टाकी. मग बाई विचारत, "आज किती कमी?" मुलं अंदाज सांगत. तेवढ्या गुंजा डावीकडे टाकून बघत. दांडी सरळ झाली की टाळ्या! मित्रांनो, सोनं तोलताना माझ्यासाठी कधी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

शरयूचं उत्तर मात्र कधी बरोबर येत नसे. ती बोटांवर मोजे, घाबरे, पुन्हा पहिल्यापासून मोजे.

"थांबा रे, बोटं संपली की पायाची मोजेल ती!" लक्ष्मीकांत ओरडायचा.

"मोजू दे," बाई म्हणत. "काट्याला घाई नाही."

मग एकोणीसशे छप्पन्न साल आलं. नवा प्रांत झाला, राजधानी भोपाळला ठरली आणि कचेऱ्या तिकडे निघाल्या. कचेऱ्यांमागून बिऱ्हाडं निघाली. जाणारं मूल उजव्या पारड्यातून आपली गुंज स्वतःच्या हातानं उचलून नेई, असा बाईंनी नेम केला होता. लक्ष्मीकांतही गेला. जाताना शरयूला म्हणाला, "वजाबाकी शिक गं, नाहीतर मला परत यावं लागेल."

मग हुकूम आला. वर्गात वीस मुलं नसतील तर वर्ग बंद, मुलांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हजीऱ्याच्या शाळेत जावं. तेव्हापासून बाई उजव्या पारड्यात वीसच गुंजा ठेवू लागल्या. डावं पारडं रोज वरच राहू लागलं.

शरयूचे वडील कान्होजी एकदा दारात उभे राहून बाईंना म्हणाले, "हजीऱ्यापर्यंत पोर एकटी नाही जायची बाई. गिरणीत माझी पाळी पहाटेची. हा वर्ग मिटला तर घरी बसेल, आईला मदत करेल."

शरयू माझ्या शेजारीच उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

तपासणीच्या दिवशी शिक्षणखात्याचे साहेब आले. मुलं एकेक गुंज टाकून बसली. शरयू सर्वांत शेवटी आली. तिनं मूठ उघडली आणि गुंजा माझ्या पारड्यात सोडल्या. माझी दांडी हलली, थरथरली आणि सरळ झाली.

"बघा साहेब," ती म्हणाली, "कोणीच कमी नाही. काटा खोटं नाही बोलत."

काट्याला विचारायचं, असं तिला शिकवलं होतं. साहेबही त्यालाच विचारतील, असं तिला वाटलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बोटानं मुलं मोजली. "तेरह," ते म्हणाले. मग तिच्याकडे बघून जरा हळू म्हणाले, "बिटिया, बच्चे गिने जाते हैं, बीज नहीं."

बाई माझ्यापाशी आल्या. "किती टाकल्यास, शरयू?"

"माझी एक. आणि सात."

"सात कशा ठरवल्यास?"

"विसांतून तेरा गेले. मनात केलं, बाई. बोटांवर नाही."

बाईंचा हात दांडीवर होता. "बरोबर," त्या म्हणाल्या. "अगदी बरोबर."

त्या दिवशी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मित्रांनो, तुमच्या शेजारी कोणी बोटं मोजत बसलं असेल, तर हसू नका. त्याला वेळ द्या. वर्ग चालू आहे तोवरच तो वेळ असतो. माझ्यावरची धूळ कोणीही पुसू शकेल, पण माझ्याभोवती पुन्हा मुलं कोण उभी करणार?

तपासणीच्याच दुपारी वर्ग मिटला आणि बाईंनी उजवं पारडं रिकामं केलं. मुलांनी डाव्या पारड्यातून आपापली गुंज उचलली. शेवटी शरयू आली. तिनं जादा टाकलेल्या सात गुंजा एकेक करून काढल्या आणि प्रत्येकीबरोबर भोपाळला गेलेल्या एकेका मुलाचं नाव घेतलं. सातवं नाव लक्ष्मीकांतचं होतं.

आता पारड्यात तिची एकटीची गुंज उरली.

"घे गं," बाई म्हणाल्या. "जाणाऱ्यानं आपली न्यायची असते."

शरयूनं हात मागे घेतला, दप्तर उचललं आणि गुंज तिथेच ठेवून ती दाराबाहेर पडली.