जिन्याच्या वरच्या टोकाचा गोळा

मी कठड्याचा गोळा बोलतोय. जिन्याच्या वरच्या टोकाचा. सध्या ज्या घरातल्या काचेच्या कपाटात मला बसवलंय, त्या घरात जिनाच नाही. ज्याने मला इथे आणलं त्याचं कधी भलं होऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

एका काताऱ्याने मला आणि माझ्या जुळ्या भावाला शिसवी लाकडातून उतरवलं. भाऊ जिन्याच्या खालच्या टोकाला, मी वरच्या. घर बांधणारा वास्तुकार नावाजलेला. त्या भागातल्या निम्म्या जुन्या इमारती त्याच्याच. बसवण्याआधी त्याने माझ्या डोक्याच्या एका बाजूला छिन्नीने एक खोल खाच पाडली. भाऊ गुळगुळीत आणि मी चिरलेला, म्हणून मी धुसफुसलो. पण त्या घरातल्या माणसांची नजर उतारवयात जायची. अंगठ्याला खाच लागली की समजायचं, आता पुढे पायरी आहे.

मावशीचीही नजर गेली. सगळे तिला मावशीच म्हणतात. ती वर झोपते. खाली तिची पुस्तकबांधणीची खोली. तिला आता उजेड तेवढा कळतो, पण पानांच्या घड्या जुळवून ती दोऱ्याने शिवते, बोटांच्या भरवशावर. रोज सकाळी तिचा अंगठा माझ्या खाचेत यायचा, क्षणभर थांबायचा, मग पाऊल खाली पडायचं. मला तेवढं पुरत होतं.

जोडून सुट्टी आली की वास्तुकाराचे भक्त उगवतात. भिंतींवर टकटक करतात, फरशीवर उताणे पडून छताचे फोटो काढतात आणि घरच्याच माणसांना "जरा बाजूला व्हा" म्हणतात. मला त्यांचा तिटकारा आहे.

त्या दिवशी तिघे आले. सतत भाषण देतो म्हणून ज्याला प्रोफेसर म्हणतात तो, त्याची बायको आणि गाडी चालवणारा मित्र बारक्या. नावाचाच बारक्या, त्याच्या वजनाने कठडा कण्हला.

"अजून किती इमारती रे? पोटात कावळे ओरडतायत," बारक्या म्हणाला. "मेलेल्या माणसापायी जिवंत माणसाला मारणार का?"

"गाडीतच बसायचं होतंस."

मावशी हौसेने सांगायला लागली, "त्या गोळ्यावर हात ठेवला ना, की मला..."

"मावशी, तुम्ही राहू द्या, मी सांगतो यांना. ही खाच म्हणजे त्याची सही!"

पाहुण्याला खोटं पाडणं मावशीच्या स्वभावात नाही. ती हसली आणि प्रोफेसरच्या बायकोचा हात धरून, पुस्तकं दाखवायला खाली गेली.

मग त्याने मला पिरगळलं. मी जीव खाऊन धरून बसलो, पण इतक्या वर्षांत सैल झालो होतो.

"अरे, काय करतोयस?" बारक्या दचकला.

"इथे वाळवी खाईल याला. आपल्याकडे जपून राहील."

"याला चोरी म्हणतात, प्रोफेसर."

"जतन म्हणतात."

मी पिशवीत गेलो. बारक्या तोंड मिटून जिना उतरला. त्यालाही माझी माफी नाही.

फोटो पाठवायचे म्हणून प्रोफेसरने मावशीच्या भाचीला आपला नंबर दिला होता. परवा तिचा फोन आला. तो स्पीकरवर बोलतो, मला सगळं ऐकू आलं.

"दादा, जिन्यावरचा गोळा सापडत नाहीये. तुम्ही निघालात तेव्हा होता ना?"

"होता की. का हो?"

"मावशी वरच्या पायरीवरून गेलीच होती. मी मागे होते म्हणून धरलं. आता ती खाली यायलाच तयार नाही. मी तिथे कापड बांधून दिलं, पण तिचा हात त्याच्यावर विसंबत नाही. नुसती खोलीत बसून असते हो. पुस्तकं अर्धवट शिवलेली पडलीत."

"अरेरे," तो म्हणाला. "जपा त्यांना."

फोन ठेवून तो कपाटापाशी आला. वाटलं, आता काढतोय मला. त्याने मला फिरवलं, खाच भिंतीकडे केली आणि दार लावून घेतलं.

"कोण होतं?" आतून बायकोने विचारलं.

"कोणी नाही. फोटो मागत होते."

म्हणजे त्याला कळलंय. खाच कशासाठी होती हे पुरतं कळलंय, आणि तरी मी इथेच आहे.

तुम्ही कधी त्याच्या घरी गेलात तर माझं कौतुक करू नका. पाणी मागा. तो आत वळला की कपाट उघडा. त्याला कुलूप नाही, आपल्याकडेही चोरी होईल हे त्याच्या मनातसुद्धा येत नाही. हात घालून मागच्या बाजूने चाचपा. अंगठ्याला खाच लागली की तो मीच. मला पिशवीत टाका आणि निघा.

पत्ता बारक्याला विचारा. गाडी त्यानेच चालवली होती.