पाट्याविना वरवंटा

मी एक जुना वरवंटा आहे. मित्रांनो, वरवंटा म्हटला की पाटा आलाच. पण माझा पाटा देवबागेत राहिला, त्याला आता बारा वर्षं झाली.

पाथरवटाने आम्हा दोघांना एकाच दगडातून घडवलं. सुभद्रा देवबागेच्या घरात नवरी म्हणून आली आणि रोज माझ्या जोरावर कढीचं वाटण वाटू लागली. वाखाणणी व्हायची ती कढीची, दगडाची कोण करणार? तिच्या कावेरीच्या बारशाला मात्र टोपडं घालून पाळण्यात आधी मला निजवलं. तेवढाच माझा मान.

एकदा कढीत मीठ जास्त पडलं. तिच्या नवऱ्याने, गंगारामाने, मलाच उचलून तिच्या मनगटावर घातलं. हाड मोडलं. दगडाला कळत नाही म्हणतात. म्हणू देत बापडे.

तो होडीवर गेल्यावर तिने लेक कडेवर घेतली आणि मला गाठोड्यात बांधलं. माहेरी भावाला, भिकाजीला, एवढंच म्हणाली, "ह्यो वरवंटो परत त्याच्या हाताक लागाक नको."

आमच्याकडे माहेरवाशिणीला विचारतातच, "कधी इलंस? कधी जातलंस?" पहिल्या आठवड्यात भिकाजीने दोन्ही मायेने विचारलं. महिन्याने नुसतं दुसरं, कधी जाणार ते. वर म्हणाला, "पाट्या-वरवंट्याची जोडी फोडल्यार घर मोडता गो. जा, जाग्यार नेवन ठेव."

ती निघाली, पण देवबागेला गेली नाही. कुणकेश्वरची धर्मशाळा, मग कुणाची पडवी, कुणाचा गोठा. जाईल तिथे तोच प्रश्न. पुढे तिचं रडणंही थांबलं. मी गाठोड्यातच पडून राहिलो. मलाही काही वाटेनासं झालं.

यंदा मालवणात सुकी मासळी विकणाऱ्या म्हाताऱ्या शेवंतीने तिला मागची खोली उघडून दिली. म्हणाली, "चूल खंय मांडतलंस?"

"दोन दिसांत जातंय," सुभद्रा सवयीने म्हणाली.

"अगो, जाण्याचा कोण इचारता? चूल खंय, ता सांग!"

कावेरीनेच कोपरा दाखवला, आणि मला बाहेर काढून अंगणातल्या एका चपट्या दगडावर ठेवलं. तिथे मी नीट बसत नाही, खडखडतो. पण वाटण होतं.

मित्रांनो, माझं काय, मी दगड. पण तुमच्या दारात गाठोडं घेऊन कुणी उभी राहिली, तर कधी जाणार ते विचारू नका. चूल कुठे मांडणार, ते विचारा.