कुंड हिंदकळलं तेव्हा

हॉटेल राधिकाने बुक केलं. परीक्षितने फक्त फोटो पाहिले, नियम वाचले नाहीत. फोटोत गरम झऱ्याचं, काळ्या दगडांचं कुंड होतं, त्यातून वाफा निघत होत्या आणि कुंडाच्या कडेपलीकडे थेट पॅसिफिक. अमेरिकेतल्या चँडलरच्या वाळवंटात सहा वर्षं कॉम्प्युटरच्या चिप्सच्या फॅक्टरीत काढलेल्या माणसाला तेवढं पुरेसं होतं. थँक्सगिव्हिंगची सुट्टी होती, आणि सांगलीहून सासू-सासरे, राधिकाचे आईवडील, पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते.

सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेला गाडी निघाली तशी सासऱ्यांचा, गुरुनाथरावांचा, उत्साह उतू जायला लागला. चाळीस वर्षं हळदीचा घाऊक व्यापार केलेला माणूस, आवाज बाजारातल्या सौद्यांत कमावलेला. रेडवुडची झाडं आली, "थांबवा गाडी!" समुद्र दिसला, "थांबवा गाडी!" एका शेतात भोपळ्यांचा ढीग दिसला, तेव्हाही थांबवली. परीक्षित मुकाट्याने थांबवत होता. तो मुळात नागपूरचा असूनही कमी बोलणारा. लग्नाला चार वर्षं झाली तरी सासऱ्यांना काय म्हणायचं हे त्याचं ठरलं नव्हतं. काका म्हणावं तर परकं वाटे, बाबा म्हणायला जीभ वळत नसे. मग तो नुसता घसा खाकरून बोलायला सुरुवात करायचा.

जपानी पद्धतीच्या त्या हॉटेलच्या मालकीणबाई, मिसेस मोरिता, साठीच्या असतील. त्यांनी चौघांना बसवून चहा दिला आणि हसत हसत नियम सांगितले. पुरुषांचं कुंड वेगळं, बायकांचं वेगळं. आधी बाहेर साबण लावून स्वच्छ आंघोळ, मग कुंड. आणि कुंडात अंगावर काहीही नको. स्विमसूटसुद्धा चालत नाही.

"काय म्हणाल्या त्या?" सासूबाईंनी, मालिनीबाईंनी, विचारलं. राधिकाने मराठीत सांगितलं. मालिनीबाईंनी पदर सावरला.

"मी आधी समुद्र बघून येते बाई," त्या म्हणाल्या.

"चालेल, आई आणि मी बीचवर जातो," राधिका म्हणाली. "परीक्षित, तू आणि बाबा तोवर कुंडात जा."

"आम्ही दोघं? एकत्र?"

"मग काय, नंबर लावणार?" तिच्या डोळ्यांत खट्याळपणा होता.

कपडे बदलायच्या खोलीत दोघं दोन भिंतींकडे तोंड करून उभे राहिले. हॉटेलने दिलेला टॉवेल हातरुमालाचा थोरला भाऊ होता, कुठे धरावा हाच प्रश्न.

"परीक्षितराव," मागून आवाज आला, "मी पुढे जातो. तुम्ही वर आकाश बघत या. मीही तेच करतो."

परीक्षितला हसू फुटलं. आकाश बघत बघतच तो आंघोळ उरकून कुंडात उतरला, आणि पाण्याने त्याला गळ्यापर्यंत घेतल्यावर सगळा संकोच कुठल्या कुठे गेला. पाणी कढत, हवा बोचरी, समोर लाटा दगडांवर फुटत होत्या. जपानहून आलेला एक म्हातारा पलीकडे डोळे मिटून बसला होता. बाकी कुंड त्यांचंच.

"आई गंऽऽ!" गुरुनाथराव म्हणाले. "हे स्वर्गसुख आहे हो! कृष्णेत आयुष्यभर डुंबलो, पण ती थंडगार. आणि हे बघा, तिकडे सरळ गेलं की जपान, नाही का?"

"हो. मध्ये काहीच नाही."

"काहीच नाही!" त्यांना ते फारच आवडलं. त्यांनी हात लांब करून जपानला नमस्कार केला. पलीकडच्या म्हाताऱ्याने एक डोळा उघडून मान लववली.

मग पाणी हललं.

"पाय नका हलवू हो," गुरुनाथराव म्हणाले.

"मी नाही हलवत."

पाणी एका बाजूला कललं, दगडावरून बाहेर सांडलं, मग दुसऱ्या बाजूला गेलं. परातीतलं पाणी कुणी उचलून नेताना हिंदकळावं तसं. छपराला टांगलेले कागदी दिवे झुलायला लागले. बांबूच्या कुंपणातून खडखडाट आला.

"भूकंप!" परीक्षित उठून उभा राहिला. आकाश बघायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

ते खोलीत पोचतात तोच कपाटांतले सगळे फोन एकाच वेळी किंचाळायला लागले. पाठोपाठ गावाकडून भोंगा सुरू झाला, लांब, चढत जाणारा. फोनच्या पडद्यावर लिहिलं होतं: सुनामीचा इशारा, उंच जागी जा. दोघांनी हाताला आले ते सुती झगे अंगावर ओढले, कमरेला पट्टे कसेबसे गुंडाळले आणि अनवाणीच बाहेर धावले. दारात मिसेस मोरिता हात उंचावून ओरडत होत्या, "अप द हिल! चालत! गाड्या नकोत!"

लोक टेकडीकडे वळले. गुरुनाथराव मात्र उलट्या दिशेला, बीचच्या पायऱ्यांकडे धावत सुटले.

"बाबा! बाबा, थांबा!"

हाक आपोआप निघाली. परीक्षितने त्यांना गाठून दंड धरला.

"मालिनी खाली आहे! राधा खाली आहे!"

"माहितीये! पण बीचवरूनही वर जायला वाट आहे, येताना मी सुनामीच्या वाटेचा निळा बोर्ड पाहिला. राधिका आईंना घेऊन तिकडूनच गेली असणार. आपण खाली गेलो तर त्या वर आणि आपण खाली, असं होईल."

"आणि गेली नसेल तर?"

परीक्षितने येताना उचललेल्या फोनवरून राधिकाला लावून पाहिलं. फोन लागत नव्हता. भोंगा थांबत नव्हता.

"मग मी जातो खाली. तुम्ही वर जा."

"वा रे वा! मी पट्टीचा पोहणारा, मी वर जाऊ? जायचं तर दोघं!"

दोघं पायऱ्यांच्या तोंडाशी पोचले. खाली वाळू रिकामी होती. आणि तेवढ्यात डोक्यावरून, वाऱ्याला चिरत, हाक आली.

"अहोऽऽऽ! इकडेऽऽ! वरऽऽ!"

टेकडीच्या कडेला मालिनीबाईंची मोरपंखी शाल फडफडत होती. शेजारी राधिका दोन्ही हात हलवत होती. गुरुनाथरावांच्या तोंडून हुंदका आणि हसू एकदमच बाहेर पडलं. त्यांनी जावयाचा हात घट्ट धरला, आणि काटे-खडे न बघता दोघं टेकडी चढले.

वर पन्नासेक माणसं जमली होती. काही ओल्या केसांची, झगे सावरत कुडकुडणारी. राधिका येऊन परीक्षितला बिलगली. मालिनीबाई बोलायचं थांबवायला तयार नव्हत्या.

"अहो, वाळू पायाखाली अशी सरकली! पक्षी एकदम उडाले सगळे. हिने मला ओढलंच. जोतिबाला मी दर चार पायऱ्यांनी बसते, आज एका दमात वर! गुडघ्यांना पत्ताच नाही!" मग त्यांनी नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळलं. "हे काय गुंडाळलंय? नीट बांधा आधी, सगळे बघताहेत."

मिसेस मोरितांची माणसं ब्लँकेटं आणि चहाचे थर्मास घेऊन आली. जपानी म्हाताऱ्याने आपल्यातलं अर्धं ब्लँकेट गुरुनाथरावांच्या खांद्यावर टाकलं. सगळे समुद्राकडे बघत होते.

"लुक! लुक!" कुणीतरी ओरडलं.

छोट्या आखातातलं पाणी मागे ओढलं गेलं. एरवी न दिसणारे शेवाळलेले खडक उघडे पडले. मग पाणी परत आलं, फेसाळत, भरभर. वाळूवर पडलेला एक मोठा ओंडका त्याने अलगद उचलला, गोल फिरवला, पायऱ्यांच्या पायथ्याशी नेऊन ठेवला. आणि तिथून ते मागे फिरलं.

एवढंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काही जण रडले. तासाभराने फोनवर इशारा मागे घेतल्याचा निरोप आला, तेव्हा मालिनीबाईंनी समुद्राला हात जोडले.

हॉटेलला काही झालं नव्हतं. दोन फुलदाण्या फुटल्या होत्या आणि कुंडाचं पाणी थोडं गढूळ झालं होतं. सगळीकडे फिरून पाहून मिसेस मोरिता म्हणाल्या, "झरा ठीक आहे. थंडी वाजतेय ना सगळ्यांना? जेवणाआधी कुंडात जा."

या वेळी सासूबाईंनी राधिकाकडे बघितलंसुद्धा नाही. शाल घडी करून तिच्या हातात दिली आणि बायकांच्या दारातून सरळ आत गेल्या.

सूर्य पाण्याला टेकला होता. पुरुषांच्या कुंडात आता गर्दी होती, आणि दुपारी एकमेकांशी न बोललेली माणसं मोठमोठ्याने आपापली हकिकत सांगत होती. गुरुनाथराव हातवारे करून, मराठी-इंग्रजी मिसळून ओंडक्याचा प्रवास सांगत होते आणि जपानी म्हातारा दर वाक्याला "ओऽऽ" म्हणत होता. कुठे शब्द अडला की परीक्षित पुरवत होता.

"बाबा, तो ओंडका एवढा मोठा नव्हता," तो म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही डोळे मिटले होते!"

बांबूच्या कुंपणापलीकडून खळखळून हसणं ऐकू आलं. गुरुनाथरावांनी ते बरोबर ओळखलं. मान उंचावून, सौद्यातल्या आवाजात त्यांनी हाक दिली, "मालिनीऽऽ! पाणी कसं आहे गं?"

"शूऽऽ! गप्प बसा हो!" पलीकडून उत्तर आलं. मग जरा थांबून, "फार छान आहे!"