लग्नाच्या साडीचं फडकं

दयाबाईंना उघडा नळ बघवत नसे. तोटीच्या तोंडाला दुहेरी फडकं आणि वर सुतळीची गाठ, हे त्यांच्या घरचं कायमचं चित्र. गावात पाणीयोजना आली, घराघरांत फिल्टर आले, नारू देशातून हद्दपार होऊनही पंचवीसेक वर्षं उलटली. दयाबाईंचं फडकं मात्र जागचं हललं नाही. पाहुण्यांनी हसायचं तेवढं हसून घ्यावं आणि तेच पाणी प्यावं.

फडक्याचा हा हट्ट मूळचा जॉर्जरावांचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा. लहानपणी पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी पिऊन त्यांना नारू झाला होता. घोट्याजवळ फोड आला, फुटला, आणि त्यातून दोऱ्यासारखी पांढरी अळी डोकावली. आईने ती तुरीच्या काडीला गुंडाळायला घेतली, रोज थोडी थोडी. एक दिवस हात घाईत ओढला गेला, अळी तुटली, पाय टम्म सुजला आणि जॉर्जराव जन्माचे लंगडे झाले. हे पाण्यातून कसं होतं ते पुढे आरोग्यखात्याच्या लोकांनी गावात येऊन सांगितलं. नारूवाला माणूस पायरीवर पाण्यात उतरला की जखमेतून नारूची पिल्लं पाण्यात पडतात. ती सायक्लॉप्स नावाचा खसखशीच्या दाण्याएवढा जीव गिळतो. आणि त्या जिवासकट पाणी आपण पितो. झालं! जॉर्जरावांनी त्या दिवसापासून सायक्लॉप्सशी उभा दावा मांडला.

त्यात पहिला बळी गेला दयाबाईंच्या साडीचा. चर्चमध्ये लग्नात नेसलेली पांढरी सुती साडी, तिची घडीसुद्धा नीट बसली नव्हती, तोवर जॉर्जरावांनी कात्री मागितली. "घट्ट विणीची हाय. यातनं त्यो सुटत न्हाई," म्हणाले. दयाबाई दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. मग त्यांनीच गाठ मारायला घेतली, कारण नवऱ्याची गाठ ढिली पडायची. फडकं धुवायचं ते पण नियमाने. आतलं गाळ-पाणी कोरड्या मातीत, भर उन्हात झटकायचं, म्हणजे एक जीव परत पाण्यात जायला नको. रोज सकाळी अंगणातून हाक यायची, "दया, फडकं बांधलं का?" आणि चुलीपुढून उत्तर जायचं, "व्हय, बांधलं." प्रेमाचं असं दुसरं बोलणं त्या दोघांत फारसं झालं नाही. ते कमी पडलं असंही दयाबाईंना कधी वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वी जॉर्जराव गेले आणि हाक थांबली. नळाला आता दुसऱ्या जुन्या साडीचं फडकं असे, लग्नाच्या साडीचा शेवटचा एक तुकडा पेटीत उरला.

वडील गेल्यावर लेक ग्लोरिया केडगावची लॅबमधली नोकरी सोडून घरी आली. विहिरीजवळ सिमेंटची टाकी बांधून तिने मासे वाढवायचं काढलं. जिऱ्याएवढी पिल्लं आणायची, बोटाएवढी करायची आणि शेततळेवाल्यांना विकायची, असा बेत. विहीर तीच, पायऱ्यांची. आता पायऱ्यांना जाळीचं दार होतं आणि पाणी मोटर ओढायची. टाकीच्या पाइपाला पहिल्याच दिवशी दयाबाईंनी साडीचा तो शेवटचा तुकडा बांधला. माणूस काय आणि मासा काय, गाळल्याशिवाय पाणी द्यायचं नाही.

पिल्लं मेली. दुसरी आणली, तीही गेली. पेंड, कोंडा टाकून बघितला, तो तळाशी कुजला. तिसऱ्या खेपेला ग्लोरिया म्हणाली, "आई, हीबी गेली तर मी केडगावला परत जाते. लॅबवाले परत घेतो म्हणालेत." दयाबाई "बरं" म्हणाल्या. पण त्या दुपारी भाकरी थापताना मनात तेच येत राहिलं. पुन्हा ते रिकामं घर, पुन्हा एकटीचा चहा. त्यांना खरंच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ग्लोरियाने ओसरीवर आपला जुना मायक्रोस्कोप मांडला आणि आईला बोलावलं. "बघ, विहिरीच्या पाण्याचा थेंब हाय."

दयाबाईंनी चष्मा वर केला आणि डोळा लावला. एक जीव झटके देत पळत होता. लांब मिशा, कपाळावर मधोमध एकच तांबडा डोळा, आणि शेपटीच्या दोन्ही अंगांना दोन पिशव्या.

"हे काय लटकतंय गं?"

"अंडी. बाई हाय ती. ह्यालाच सायक्लॉप्स म्हणतात."

दयाबाई दचकल्या. जन्मभर ज्याच्याशी वैर धरलं तो हा? ही तर दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाजारातून निघालेली बाई वाटत होती.

"पप्पा ह्यांच्या नावानं खडे फोडायचे," ग्लोरिया हसली. "पन तळं चालतं ते ह्यांच्यावर. पान्यातलं बारीक शेवाळ हे खातात, आन माशांची पिल्लं ह्यांना. डासाच्या अळ्यासुद्धा सोडत न्हाईत. पिल्लाला असं हलतंफिरतं खाणं लागतं, पेंडीवर ती जगत न्हाईत." तिने दुसरी काच लावली. "आता हा टाकीतला थेंब बघ. एकबी न्हाई. विहिरीत एवढे, टाकीत एकबी न्हाई. मधीच जातात कुठं?"

दयाबाईंना ते तिथल्या तिथे कळलं. ग्लोरियाला कळलं नव्हतं, कारण ती फडक्यांच्या घरातच वाढलेली. तिला फडकं हा नळाचाच भाग वाटायचा.

त्या उठल्या आणि टाकीकडे गेल्या. कठड्याशी पिल्लं मलूल होऊन तरंगत होती, पोटं खपाटीला गेलेली. पाइपावर साडीचा तुकडा होता. तो सोडायचा म्हणजे जॉर्जरावांचं राहिलेलं शेवटचं काम मोडायचं, आणि नाही सोडायचा तर लेक जाणार. त्यांनी गाठीला हात घातला.

"रागावू नका," त्या गेलेल्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या. "नारू गेला आता. त्या बिचाऱ्यांनी तरी काय केलं हुतं? पुढ्यात आलं ते गिळलं."

गाठ सुटली. फडक्याच्या पोटात तपकिरी गाळ साचला होता. पाय सवयीने कोरड्या मातीकडे वळले, त्यांनी झटकायला हात उचललासुद्धा, आणि त्या थांबल्या. गाळ वळवळत होता.

त्या माघारी फिरल्या आणि फडकं उलटं करून टाकीत खळबळलं. पाण्यात बारीक पांढरे ठिपके उधळले. आधी एक पिल्लू आलं, मग चार, मग सगळी झुंबड. दयाबाई बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

"आई! काय टाकलंस?" ग्लोरिया धावत आली.

"गेले न्हवते कुठं. तुझ्या पप्पांनी धरून ठेवले हुते."

दयाबाईंनी फडकं पिळलं आणि घडी घालून कमरेला खोचायला घेतलं. पाइप आता उघडाच राहणार, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. ग्लोरिया फडक्याकडे बघत होती. "घडी नको घालू," ती म्हणाली. "उघड्या पाइपानं टाकीत मावंल तेवढ्याच पान्यातले येतील. हे बांधून जादा पानी बाहेर सोडलं तर ह्याच्यात भसाभस गोळा हुतात. मोटर चालू करायच्या आधी बांधायचं, गच्च भरलं की टाकीत उलटं करायचं."

तिसरी खेप जगली. आता ग्लोरिया टाकीपाशी पिल्लं मोठी होताना बघते, केडगावचं नाव काढत नाही. साडीचा तुकडा रोज पाइपावर चढतो. आत साचलेलं रोज टाकीत जातं, कोरड्या मातीत नाही.

काल सकाळी दयाबाई चहा गाळत होत्या. मोटरीचं बटण दाबायच्या आधी ग्लोरियाने अंगणातून हाक मारली, "आई, फडकं बांधलं का?"

दयाबाईंच्या हातातली गाळणी तशीच राहिली. मग त्या म्हणाल्या, "व्हय, बांधलं."