सीमेचं पेन

देशाची सीमा ही रक्ताने आखलेली रेषा असते, असं साहेब म्हणाले. नकाशा कार्यालयात ती रेषा गेली सत्तावीस वर्षं रेघकाका काळ्या शाईने आखत होते. शाई कमी पडली तर त्यात थोडं पाणीही घालत होते.

“तेव्हा ते पेन जरा इकडे द्या,” साहेब म्हणाले.

रेघकाकांनी पेन टेबलावर ठेवलं. “कधीपर्यंत?”

“चौकशी होईपर्यंत. तोवर तुम्ही नकाशातली तळी काढा.”

रेघ, ठिपका, रेघ, ठिपका. सीमा म्हणजे एवढंच. पण ठिपके सगळे सारखे यावे लागतात, आणि ते अख्ख्या कार्यालयात एकट्या रेघकाकांनाच जमत. निवृत्तीला चार महिने होते. देशाच्या नव्या मोठ्या नकाशाची सगळी सीमा त्यांची काढून झाली होती, फक्त वरचा कोपरा राहिला होता. तेवढा आपल्या हातून पुरा व्हावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

घोळ झाला तो फॉर्ममुळे. रेघकाकांच्या धर्माच्या कर्मचाऱ्यांनी तो भरायचा होता. त्या धर्माचा कार्यालयात एकच माणूस होता. फॉर्म पन्नास छापून आले होते. ‘परदेशाशी पत्रव्यवहार आहे काय?’ या प्रश्नापुढे रेघकाकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘होय. एक पत्र.’

“कशाला लिहिलंत?” बायकोने घरी विचारलं. “लोक ‘नाही’ लिहून मोकळे होतात.”

“आहे ना पण.”

“अहो, साठ वर्षांपूर्वीचं आहे ते.”

“फॉर्ममध्ये साल विचारलं नव्हतं.”

पत्र त्यांच्याच बाहेरच्या खोलीत भिंतीवर होतं, काचेच्या चौकटीत. रेघकाकांच्या आजोबांनी समुद्रापलीकडच्या मूळ धर्मपीठाला लिहिलं होतं की आम्ही एकोणीस कुटुंबं इथे आहोत, तुमचीच आहोत, आम्हाला आपलं म्हणा. त्याचं हे उत्तर. दर सातव्या दिवशी एकोणीस कुटुंबं त्या खोलीत प्रार्थनेला जमत आणि निघताना एकेक जण काचेला हात लावून जाई.

चौकशी अधिकारी घरी आले ते चपला बाहेर काढून. रेघकाकांना ते आवडलं. आपल्याला हे आवडावं की नाही, ते मात्र त्यांना कळेना.

“ही लिपी तुम्हाला वाचता येते?”

“नाही.”

“वडिलांना?”

“नाही. आजोबांनाही येत नव्हती.”

“मग त्यांनी पत्र लिहिलं कसं?”

“आपल्याच भाषेत लिहिलं. ते देवाचे लोक, समजून घेतील म्हणाले.”

अधिकाऱ्यांनी लिहायचं थांबवलं. “मग यात काय आदेश आहेत हे तुम्हाला कसं माहीत?”

“आदेश कसले, आशीर्वाद असणार. शिक्का बघा ना केवढा आहे.”

“म्हणजे काय लिहिलंय हे माहीत नसताना तुम्ही ते मानता?”

रेघकाकांनी विचार केला. “तुमचा फॉर्मही मी तसाच भरला,” ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

अधिकारी चौकट भाषांतरासाठी घेऊन गेले. भिंतीवर फिकट चौकोन राहिला. त्या आठवड्यात एकोणीस कुटुंबं चौकोनालाच हात लावून गेली.

इकडे सीमेचं पेन रस्ते काढणाऱ्या सहकाऱ्याकडे गेलं. त्याला आयुष्यभर वळणं सोपी करायची सवय. वरच्या कोपऱ्यात त्याने सीमा जराशी सरळ केली आणि एक अख्खी टेकडी शेजारच्या देशाला गेली. त्याच्या देशनिष्ठेबद्दल कोणालाच शंका नव्हती, म्हणून टेकडी ब्लेडने खरवडून परत आणण्यात आली. कोपरा पुन्हा कोरा झाला, कागद तेवढा पातळ झाला.

“तुमच्याकडे बरं आहे,” तो रेघकाकांना म्हणाला. “तळं कुठूनही सुरू करा, तळंच होतं.”

तीन आठवड्यांनी साहेबांनी रेघकाकांना बोलावलं. टेबलावर चौकट होती, चौकटीवर पेन.

“बसा. भाषांतर आलंय.” साहेबांनी चष्मा लावला. “ ‘आपले पत्र मिळाले. त्यातील भाषा येथे कोणास येत नाही. पाकिटावरील तिकिटावरून देश कळला, परंतु आपल्या देशात आमचे कोणी लोक असल्याची नोंद नाही. कृपया पुन्हा पत्र पाठवू नये.’ खाली शिक्का.”

रेघकाका शिक्क्याकडे बघत राहिले.

“अभिनंदन,” साहेब म्हणाले. “तुमचा परदेशाशी काहीएक संबंध नाही. तसं लेखी आहे.”

“साहेब, मग आम्ही कोणाचे?”

साहेबांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. “ते यात विचारलेलं नाही.”

रेघकाकांनी चौकट घरी नेऊन जुन्या खिळ्यावर लावली. फिकट चौकोन बरोबर झाकला गेला.

“काय निघालं त्यात?” बायकोने विचारलं.

“आशीर्वाद.”

“मी म्हटलंच होतं.”

सातव्या दिवशी प्रार्थना झाली आणि एकोणीस कुटुंबं काचेला हात लावून गेली. सगळे गेल्यावर रेघकाकांनी काच पुसली. मग त्यांनीही हात लावला आणि पुन्हा पुसली.

सोमवारी त्यांनी पेन धुतलं आणि श्वास रोखून वरचा कोपरा काढायला घेतला. रेघ, ठिपका, रेघ, ठिपका. टेकडीपाशी कागद पातळ होता, तिथे हात हलका ठेवला. शाई फुटली नाही.

नकाशा त्या वर्षी छापला गेला नाही. कागद आला नव्हता.